खिशातले बिल्ले

सरकारी कापड गिरणीतून निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय आणि खायचं काय, हे दोन्ही प्रश्न माणिक पागे आणि श्रीपाद मुळे यांना एकदमच पडले. तेव्हा उज्जैनच्या आसपास सोयाबीन तेलाचे खासगी कारखाने धडाधड उभे राहत होते. देवास रोडवरच्या अशाच एका कारखान्यात दोघे जुने दोस्त मशीनदुरुस्तीला लागले.

गिरणीत हजेरीचा पितळी बिल्ला फाटकाजवळच्या फळीवर टांगायचा आणि सुटीचा भोंगा झाला की काढून न्यायचा. जो आधी पोचेल तो दोस्ताचाही उचलायचा. या कामात माणिकचा हात धरणारं कोणी नव्हतं. इथेही फळी होती, बिल्ले होते. पण ही फळी तेलाच्या टाकीशेजारी होती. बिल्ला टांगलेला असेल तर माणूस टाकीत आहे, आतली पाती फिरवायची नाहीत, असा कडक नियम होता. माणिकला तो पाठ होता. पाठ असून उपयोग काय?

त्या दिवशी दोघे टाकी साफ करायला उतरले होते. माणिक आधी वर आला.

"एक बोल्ट राहिलाय," श्रीपाद आतून म्हणाला. "तू चल, चाय सांगून ठेव."

तेवढ्यात भोंगा झाला.

फाटकाबाहेरच्या टपरीवर माणिकनं दोन चहा सांगितले आणि बिडीसाठी खिशात हात घातला. हाताला दोन बिल्ले लागले.

तो तसाच टाकीकडे पळाला. गुडघे दुखत होते, छाती भरून आली होती, आणि ओरडावं तर मशिनांच्या घरघरीत आवाज पोचत नव्हता. लांबूनच त्याला दिसलं, नव्या पाळीचा ऑपरेटर रिकामी फळी बघून बटणाकडे वळत होता. माणिक त्याच्या अंगावरच जाऊन आदळला.

"आदमी है अंदर," एवढंच त्याला म्हणता आलं.

श्रीपादला वर काढलं. काय होणार होतं ते त्याला कळलं. मालकाचा मुलगा धावत आला.

"बिल्ला किसने निकाला?"

गिरणीत या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असायचं. कोणी काही पाहिलेलं नसायचं, आणि ज्याचं नुकसान झालं तोच म्हणायचा, माझीच चूक. माणिकनं सवयीनं श्रीपादकडे पाहिलं. दोस्त सांभाळून घेईल, असं त्याला खरंच वाटलं. या माणसाला काय म्हणावं!

"इसने निकाला, साहब," श्रीपाद म्हणाला. मग माणिककडे वळून हळूच म्हणाला, "घरी बायको वाट बघतेय रे माझी."

माणिकनं मान खाली घातली. "हां साहब, मैंने ही निकाला," तो म्हणाला.