बाकावरची एक खाच

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. बसायचा नव्हे, माझ्यावर कोणी बसलेलं मला कधी खपलंच नाही. मी सुतारकामाचा बाक. कामरगावच्या निजामुद्दीन मिस्त्रींनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि तीस वर्षं माझ्यावर पेरणीच्या तिफणी आणि तण काढायचे डवरे तयार केले.

तिफणीनं पेरलेल्या ओळींत जेवढं अंतर, त्याच मापाचा डवरा लागतो. नाहीतर डवरताना तणाबरोबर पीकही कापलं जातं. प्रत्येक शेतकऱ्याचं माप वेगळं. मिस्त्रींनी ते कागदावर कधी लिहिलं नाही. माझ्या टोकापासून माप धरायचे आणि कडेवर पटाशीनं खाच पाडायचे. अशा एकेचाळीस खाचा माझ्या अंगावर होत्या. त्यांचा मला भारी तोरा होता.

मग गावात ट्रॅक्टर आले. चार वर्षांपूर्वी मिस्त्रीही गेले. मला परसातल्या टिनाच्या शेडमध्ये ढकललं आणि वर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, टाकलं. तिथं एका शेळीशिवाय कोणी फिरकत नसे. मी फार एकटा पडलो. शेळीशी बोलून बोलून काय बोलणार?

यंदा संक्रांतीनंतर मिस्त्रींची लेक तहसीन शेडमध्ये शिरली. तिला तिथं लाकडी खेळणी करायची होती. तिनं कुटार उपसलं, पत्रा कापून खिडकी काढली, अब्बांची करवत आणि पटाश्या भिंतीवर टांगल्या. मला उजेडात ओढलं तेव्हा मी हरखून गेलो. मग तिनं रंधा घेतला आणि मला नवा करायच्या उत्साहात पाठ, कडा, सगळं गुळगुळीत करून टाकलं. खाचा म्हणजे तिला साधे ओरखडे वाटले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

तिची आई जैतुनबी चहा घेऊन आली. सवयीनं तिनं माझ्या कडेवर हात ठेवला आणि तो तिथंच थांबला.

"हे काय केलं तुनं, बेटा? तुह्या अब्बाची सारी मापं होती यावर!"

तहसीननं रंधा खाली ठेवला. "मले सांगतलं काहून नाही, अम्मी?"

"तुनं इचारलं कुठी?"

आठ दिवसांनी गावातले शेतकरी जगदेवकाका आले. ते अजून बैलांनीच पेरतात.

"डवरणी झाल्यावर बैलाच्या कोठ्यात तिफण अन् डवरा ठेवला होता, दोन्ही वाळवीनं खाल्ले. नवे करून दे, बेटा. माह्यं माप बाकावर हायेच."

तहसीननं खाली मान घालून आपली चूक सांगितली. तिचे डोळे भरून आले.

"रडून काहून राह्यली? चाल वावरात. तुह्या बापाच्या तिफणीनं पेरलेल्या तुरीचे खुटं अजून उभे हायेत."

दोन ओळींमधलं अंतर तिनं सुतळीनं मोजून आणलं आणि अब्बांच्या पटाशीनं माझ्या कडेवर खाच पाडली. त्याच मापानं काकांची तिफण आणि डवरा तयार झाला. बाकीची चाळीस मापं मात्र गेली ती गेलीच. त्या वावरांत आता ट्रॅक्टरनं पेरतात.

शेड आता रोज उघडतं. लाकडाच्या भुशाचा वास पुन्हा नाकात भरतो. जैतुनबी चहा ठेवते, त्या एका खाचेवर बोट टेकवते. मग ते बोट पुढच्या गुळगुळीत कडेवरून शेवटपर्यंत सरकत जातं, आणि मला परत कुटाराखाली असल्यासारखं वाटतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या वस्तूवरचे ओरखडे पुसण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. त्यांना सांगता येतं. आम्हाला येत नाही.