माठाच्या गळ्यातली माळ

रविवारी सकाळी शनवारा वेशीमागच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शालिग्राम महाराज काविळीच्या रोग्यांच्या डोक्यावर ओल्या काड्यांची इवलीशी माळ ठेवत होते. माळ कावीळ पिते, म्हणून आपोआप लांबते. बेंबीपर्यंत आली की रोग खलास. तोवर तेल बंद, तिखट बंद आणि मुख्य म्हणजे डॉक्टर बंद. बरीचशी कावीळ आपली आपण बरी होते, हे सांगायला महाराज बांधील नव्हते.

रांगेत सात महिन्यांची गरोदर अलका होती, सोबत तिची नणंद तेजस्विनी. नर्सिंगला असलेल्या तेजस्विनीने अभ्यासासाठी गल्लीतली कावीळ हाच विषय घेतला होता. प्रश्नावली आधी पाच घरांत विचारून पाहिली, तर ‘इलाज कुठे घेतला, सरकारी की खासगी?’ याला पाचही घरांचं उत्तर होतं, माळ. तो रकाना तिच्या कागदावर नव्हताच. गरोदरपणी कावीळ जिवावर बेतू शकते, हे तिने आपल्या आईला, म्हणजे अलकाच्या सासूला, परोपरीने सांगितलं.

“तू अजून शिकूनच राहिली ना? पहले पास तर हो,” आई म्हणाली.

मग घरी आणखी एक पेशंट आहे, असं सांगून तेजस्विनीने दुसरी माळ मागून घेतली आणि घरच्या माठाच्या गळ्यात घातली. पाचव्या दिवशी ती माठाच्या पोटाखाली लोंबत होती. तेजस्विनीने सगळ्यांदेखत एक गाठ सोडून दाखवली. आघाड्याची ओली काडी दोऱ्याच्या फासात आवळलेली असते. काडी सुकून बारीक होते, फास सैल पडतो, आत गुंतलेला दोरा मोकळा होतो. एवढाच चमत्कार.

आई शांतपणे म्हणाली, “मंग माठालेही कावीळ असन.”

तेजस्विनीला रडावं की हसावं कळेना. नळाचा पाइप गटारातून येत होता आणि कावीळ घरात आली होती ती त्या माठातूनच. ते सांगितलं, तेही कोणी ऐकलं नाही.

आठव्या दिवशी माळ अलकाच्या बेंबीपर्यंत आली. आईने पेढे वाटले. दुपारी अलका भलतंसलतं बोलू लागली, संध्याकाळी नवऱ्याला ओळखेना. रात्री तिला इंदूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, इतके दिवस काय केलं? पहाटे बाळही गेलं आणि तीही.

माळ लांबते ती काडी सुकते म्हणून. पाणी उकळून प्या. डोळे पिवळे दिसले की रक्त तपासा, आणि बाई गरोदर असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अलका चोवीस वर्षांची होती.