न्याहारी आठ ते नऊ

टोस्ट उभे ठेवायची ती जाळी... चांदीची असेल नाहीतर साध्या स्टीलची, फोटोत काय कळतं. सहा खाचा, चारांत त्रिकोणी कापलेले टोस्ट, दोन रिकाम्या, आणि रुची त्या रिकाम्या दोन खाचांकडंच पाहत राहिली. लॅपटॉप माधवीच्या मांडीवर, फोटो सरकवणारं बोट माधवीचं, पण ते घर शोधून काढलेलं रुचीनं, तीन महिन्यांपूर्वी, देवासच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये डब्याच्या सुट्टीत. स्कॉटलंडच्या समुद्राकाठचं दगडी घर. वर तीन खोल्या पाहुण्यांना, खाली घरमालकीण राहते, आणि सकाळी आठ ते नऊ ती स्वतः न्याहारी बनवून टेबलावर आणून देते. स्वतः. हे एक वाक्य रुचीनं किती वेळा वाचलं असेल...

"हे तर फिक्स ना?" माधवीनं विचारलं.

"फिक्स."

नऊ दिवस, दोघी मैत्रिणी, भाड्याची गाडी, चालवणार रुची. दिवसाला शंभर किलोमीटर, त्याहून जास्त नाही. आवडलं तिथं थांबायचं, मेंढ्या बघायच्या, पुढं जायचं. दोघींपैकी कोणीच देशाबाहेर गेलेलं नव्हतं. हॉटेलं नकोत हे रुचीचंच म्हणणं. हॉटेलात पगारी माणूस वाढतो, त्यात काय मोठंसं — पण कोणीतरी आपल्या घरात, आपल्या चुलीवरचं, रुचीच्या पुढ्यात ठेवणार आणि विचारणार की बाई, चहा अजून हवा का... चव्वेचाळीस वर्षांची, दहा माणसांच्या लॅबची प्रमुख बाई, आणि एवढ्यासाठी समुद्र ओलांडायला निघालेली! हसा. माधवीला तिनं हे कधी सांगितलं नाही. काय सांगणार? की तू सून म्हणून जिथं आलीस त्या घरात माझ्या आजीनं चाळीस वर्षं वाढपं केली? ते माधवीला माहीतच होतं. इंदूरच्या होस्टेलात एका ताटात जेवल्या दोघी, आणि माधवीचं लग्न धारच्या याच घरात ठरलं तेव्हा पोट धरून हसल्याही. मग माधवी म्हणाली होती, "यार, तो जमाना गेला." गेला म्हणे. कोणी पाहिला जाताना?

यमुनाबाई, रुचीची आजी, माधवीच्या सासूबाईंच्या, भवानीबाईंच्या खोलीत, त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपायची. औषधाची वाटी, पाण्याचा तांब्या, रात्री पाय चेपणं. घरात पंगत बसायची तेव्हा ती वाढायची. सगळे उठले, उष्टी निघाली, की मग स्वैपाकघरातल्या पाटावर. त्याच अन्नातलं, तेच... पण गार. बापानं हे लहानपणी बघितलं आणि कारखान्यात चिकटून देवास गाठलं. "कोणाच्या पायरीशी उभं राहायचं नाही," एवढा एकच उपदेश त्यानं पोरीला केला, तोही ओरडून.

"ऐक ना," माधवी लॅपटॉप मिटत म्हणाली, आणि तिच्या त्या 'ना'वरूनच रुचीला कळलं की काहीतरी आधीच ठरून गेलंय. "रणवीर पण येतो म्हणताहेत. आणि आईसाहेब."

"कुठं?"

"कुठं काय, आपल्याबरोबर. आईसाहेबांची किती इच्छा आहे, बाहेरचा देश बघायची. आता शहात्तर चालू आहे, नंतर कधी?"

सोफ्यावर पडून फोन बघणाऱ्या रणवीरनं, माधवीच्या नवऱ्यानं, मान वर केली. "आपल्याला सारथी एक नंबर मिळालाय, मग टेन्शन कसलं? मी काय गाडी चालवणार, भिया! जन्मभर मागं बसलोय."

बायकांनाही तो इंदुरी थाटात भियाच, म्हणजे भाऊच, म्हणायचा. तो हसला. माधवी हसली. आणि रुची... रुचीपण हसली. कसलं हसू होतं ते? थोबाडीत मारावीशी वाटली स्वतःच्या.

"खोल्यांचं मी बघितलं," माधवी भराभर बोलत होती, "एक आम्हा दोघांना, एक तुला आणि आईसाहेबांना. त्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, अनोळखी घर, जिने... तू असलीस की मला काळजी नाही. तुझा स्वभावच तसा आहे ना, माया करायचा."

स्वभाव. आजीचाही स्वभावच होता मग. आईचाही असता, पण बापानं वेळेवर पळवून नेलं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराला पुरवला जातो तो स्वभाव, वा! आणि माधवी खोटं बोलत नव्हती, हे जास्त वाईट. ती खरंच प्रेमानं बोलत होती. लबाड असती तर मी उठून गेले असते, दार आपटून गेले असते. पण ही माझे हात हातात घेऊन बसलीय.

"आणि तो न्याहारीचा फॉर्म भरलास ना, त्यात थोडा चेंज कर."

तो फॉर्म. घरमालकिणीनं मेलवर पाठवलेला, प्रत्येक पाहुण्यानं आपापलं लिहायचं: अंडी कशी, टोस्ट पांढरा की तपकिरी, चहा की कॉफी. अंडी कशी आवडतात हे रुचीला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. घरात सगळ्यांना होतील तशी तिलाही. दोन दिवस विचार करून तिनं लिहिलं होतं — अर्धी कच्ची, दोन.

"आईसाहेबांची पूजा नऊपर्यंत चालते, मग लगेच बीपीची गोळी. त्यांच्याजवळ कोणी हवं. तर आम्ही दोघं आठला खाली जाऊ, आणि तुझं, त्यांचं ट्रेमध्ये वर पाठवा म्हणून लिही. नाहीतर तूच घेऊन जाशील, त्या बाईला कशाला जिने चढायला लावायचे?"

बोल आता. बोल की माधवी, मी त्या टेबलाशी बसणार आहे. आठ वाजता. पहिली. तुझ्या सासूची पूजा तुझ्या सासूच्या मुलानं बघावी. एवढं वाक्य, तोंडात तयार, जिभेच्या टोकावर... आणि आतल्या दाराचा पडदा हलला.

भवानीबाई आल्या. काठी, पांढरी नऊवारी, डोक्यावरून पदर. आणि रुची उभी राहिली. नुसती उभी नाही — ओढणी डोक्यावर गेली, कंबर वाकली, उजवा हात खाली जाऊन कपाळाला लागला. मुजरा. माधवीनं केला नाही, ती बसल्या बसल्या जरा सरकली फक्त. रणवीर तर फोनमध्येच होता. कोणी सांगितलं होतं रुचीला? कोणी शिकवलं? बापाच्या घरात तर मुजरा हा शब्द शिवीसारखा होता.

"कोण? यमुनेची नात का गं?" भवानीबाईंनी डोळे बारीक केले. "बस, बस. मला नेणार म्हणे तू साहेबाच्या मुलखात. मोटारीत मळमळतं हो मला, सांगून ठेवते. यमुना लिंबू हुंगवायची. तिच्या हातात काय होतं कोण जाणे."

"जी, आईसाहेब," रुची म्हणाली.

त्यानंतर माधवीनं फॉर्म उघडला, विचारलं, "मग बदलू?" आणि रुची म्हणाली, "बदल." आवाज अगदी नेहमीचा. सुट्टीचा अर्ज मंजूर झालेला, लॅबमध्ये सगळ्यांना सांगून झालेलं... नाही, ही कारणं नव्हेत. ती नंतर शोधलेली.

धारबाहेर पडेपर्यंत ती मोठ्यानं भांडली, गाडीच्या काचा वर करून. माधवीशी, रणवीरशी, मेलेल्या आजीशीसुद्धा. तुला कोणी सांगितलं होतं गं, म्हातारे, एवढं चांगलं वाढायला? थोडं वाईट वाढलं असतंस तर! रात्री घरी गेल्यावर मेल लिहायचा. मी येत नाही. किंवा, मी येते, पण माझी खोली वेगळी. दोन्ही मेल शब्दाशब्दानं तयार झाले, कापून-छाटून, धारदार. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची शेतं, पुढं भुसा उडवत चाललेला ट्रॉलीवाला.  

आणि घाटाबिल्लोदच्या अलीकडं तिच्या लक्षात आलं की गेला अर्धा तास ती मेलचा विचार करतच नाहीये. पुढच्या सीटवर मळमळ कमी होते, मग त्यांना डावीकडं पुढं बसवायचं. गुडघे आखडतात, म्हणजे सीट पूर्ण मागं. बीपीची गोळी नऊची, पूजा नऊला संपणार, तर पोटात आधी काहीतरी हवं. तिथं लिंबं कशी मिळतात, हिरवी की पिवळी... सगळं लागलेलं होतं, जिथल्या तिथं. लावायला कोणी सांगितलेलं नव्हतं. राग शोधायला ती स्वतःच्या आत गेली, आणि तिथं बाईंच्या औषधांचा डबा नीट ठेवलेला.

समोर वळण आलं. रुचीनं ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढला, गियर खाली घेतला, धक्का बसू नये म्हणून क्लच सावकाश सोडला आणि डावीकडं मान वळवून पाहिलं, ठीक आहे ना म्हणून. गाडीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं.