न गोठणारा चर

जानेवारीतला रविवार, तापमान उणे सहा. गावातले सगळे कालवे गोठले होते. गावाबाहेरच्या कुरणातला एक चर मात्र वाहत होता, आणि त्याच्या काठावर साठ-सत्तर माणसं बाटल्या घेऊन उभी होती. बरीचशी आपली मराठी, काही तर डेल्फ्टहून ट्रेनने आलेली.

"सगळं हॉलंड गोठलं, ही धारा नाही गोठली," वासुदेव महाराज खुर्चीवरून सांगत होते. "का? कारण हिच्यात गंगामाईची व्हायब्रेशन्स आहेत. खारट लागते ना? समुद्रमंथनाची खूण आहे ती." दोन वर्षांपूर्वीपर्यंत हेच गृहस्थ ब्रेडाच्या एका गोदामात ट्रकांच्या वेळा लावायचे.

मी नायमेखनला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माझी नणंद लतिका हिच्या आग्रहामुळे आले होते. दोन गर्भपातांनंतर आता तिला पाचवा महिना होता.

"वहिनी, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घेते मी," ती म्हणाली. "आज नववा दिवस."

मी चराशी वाकले. पेट्रोल पंपावर येतो तसा वास. काठचं गवत काळं पडलेलं. अर्ध्या किलोमीटरवर, कुंपणाच्या आत, नैसर्गिक वायूची विहीर दिसत होती. 

"लतिका, यातला एक थेंबही आता नको."

"महाराज म्हणालेच होते, घरचेच अडवतील."

वाद घालून उपयोग नव्हता. मी आधी पाण्याचा कारभार बघणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. मग प्रसादाच्या दोन ताटल्या घेतल्या, दोन्हींत घरून आणलेलं नळाचं पाणी ओतलं, एकीत प्रसादाच्या स्वयंपाकातलं मूठभर मीठ विरघळवलं आणि सगळ्यांसमोर बर्फावर ठेवल्या. "भजन संपलं की बघा," म्हटलं.

"शिकलेल्यांना देव ताटलीत लागतो," महाराज हसून म्हणाले.

दीड तास भजन चाललं. माझी नजर ताटल्यांपेक्षा लतिकाच्या पोटाकडेच जात होती.

भजन संपलं. साध्या पाण्याचा बर्फ झाला होता. मिठाचं पाणी तसंच हलत होतं. लतिकाचा नवरा संजीव याने त्यात बोट बुडवून पाहिलं.

"त्या ताटलीवर कुणाची श्रद्धा नव्हती, म्हणून गोठली," महाराज म्हणाले.

"मग मिठाच्या ताटलीवर कुणाची होती?" संजीवने शांतपणे विचारलं.

मी सांगितलं, खोल खडक फोडून वायू काढतात तेव्हा त्याच्याबरोबर अतिशय खारं पाणी वर येतं. त्यात बेन्झीनसारखी विषं असतात. ते जमिनीखालच्या नळातून नेऊन दुसऱ्या, रिकाम्या विहिरीत गाडतात. तो नळ या कुरणाखालून जात असणार आणि इथेच गळत असणार. "महाराज, तीर्थ असेल तर तुम्हीही चार चमचे घ्या."

"आज माझा उपवास आहे."

"उपवासाला तीर्थ चालतं की," भजनाला आलेल्या कुमुदिनीआजी म्हणाल्या.

महाराज उठले ते गाडीकडेच गेले. लोक बाटल्या खाली ठेवू लागले. लतिका जागची हलली नाही. तिने फक्त माझा हात घट्ट धरला.

दुपारी त्या सरकारी कार्यालयातल्या तपासनीस बाई आल्या. खणल्यावर गंजून फुटलेला नळ सापडला. नमुने तपासल्यावर पाण्यात बेन्झीन निघालं. नळ वायू काढणाऱ्या कंपनीचा, तपासणी कंपनीची, अहवालही कंपनीचाच. सहा आठवडे नळातला दाब घटत होता आणि अहवालात 'मापकातला दोष' असं लिहिलं जात होतं. "असे अहवाल आम्हाला तीन महिन्यांनी मिळतात," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी लतिकाचं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. "आत्ता काही दिसत नाही. याहून जास्त खात्री मी देऊ शकत नाही," ते म्हणाले. पुढचे चार महिने बाळ घटकाभर हललं नाही तरी लतिका मला फोन करायची. मी धीर द्यायची आणि फोन ठेवून स्वतःच रडायची.

मे महिन्यात मुलगी झाली. सुखरूप आहे. तरी दर तपासणीला आमचा जीव टांगणीला लागतो.

महाराजांनी सांगितलं पाणी पवित्र आहे, कंपनीने सांगितलं पाणी नळातच आहे. दोघांकडेही पुरावा कुणी मागितला नाही. जे डोळ्यांना नवल वाटतं ते आधी मोजावं, आणि मोजणाऱ्याचा त्यात हितसंबंध नसावा. एवढंच तर विज्ञान सांगतं.

सप्टेंबरमध्ये नगरपालिकेत अशा सांडपाण्याच्या नियमांवर सुनावणी झाली. मुलीला कडेवर घेऊन लतिका उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाली, "मी न तपासता प्यायले, ही माझी चूक. तुम्ही कंपनीच्या अहवालावर न तपासता सही करू नका."