झाकण एकाचं, दगड दुसऱ्याचा

शनिवारी दुपारी जिन्यावर बुटांचा तो सावकाश, पायरी चाचपत येणारा आवाज ऐकू आला की कुरामोची हातातलं काम उगाच पुढे ओढायचा. आजही तो आवाज आला. आज त्या आवाजाच्या मागून चाकांची पिशवी पायऱ्यांवर आपटत येत होती.

"आहेस का रे, कुरामोची?" म्हणत अमेमिया आत आले. ओकाचिमाचीच्या पुलाखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पंचाहत्तरी ओलांडली, तरी त्यांना छंद असा, की ऐकणाऱ्याला हसू यावं. संगणक पळेल तितका पळवायचा आणि तरीही तो थंड ठेवायचा. दर शनिवारी दुकान बंद करून ते अकिहाबारातल्या या संगणकांच्या सुट्या भागांच्या गल्लीत यायचे. येताना रस्त्यावरच्या यंत्रातून ओदेनचे, म्हणजे रश्शात शिजवलेल्या मुळ्या-अंड्यांचे, दोन गरम डबे घ्यायचे, एक स्वतःला आणि एक कुरामोचीला.

"खा. गार होईल. आणि तोंड असं सुतकी का?"

"काही नाही, अमेमियासान. झोप झाली नाही."

"मला तरी कुठे झाली! पुन्हा संगणक उघडला. पंख्याखालचा लेप पुसला, नवा लावला. तांदळाच्या दाण्याएवढा, तू सांगतोस तसाच. पुन्हा तापला, पुन्हा बंद पडला." त्यांनी दोन्ही पंजे त्याच्यासमोर धरले. "यंत्राचा दोष नाही रे. हातच गेले माझे."

कुरामोचीने त्या हातांकडे पाहिलं नाही. तो डब्याचं झाकण काढत राहिला.

या गल्लीत प्रोसेसरला कोणी प्रोसेसर म्हणत नाही, दगड म्हणतात. एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यात, एकाच किमतीला येणारे हे दगड, पण स्वभावाने दोन सारखे नसतात. बहुतेक बेताचे निघतात. एखादाच असा निघतो, की थोड्या विजेवर भरधाव धावतो आणि अंगाला ऊब म्हणून लागू देत नाही. त्याला लागलेला दगड म्हणतात, लॉटरी लागते तसा. ज्याला लागतो तो त्याचं कौतुक नातवंडासारखं सांगत सुटतो. अमेमियांना असा एक लागला होता. तो आणखी थंड व्हावा म्हणून वर्षापूर्वी त्यांनी तो मोठ्या विश्वासाने कुरामोचीच्या हातात दिला होता.

कुरामोचीचं काम दगड उघडण्याचं. दगडावर धातूचं झाकण असतं आणि दोहोंच्या मध्ये कंपनीने स्वस्तातला लेप भरलेला असतो. छोट्या व्हाइसच्या शिकंज्यात धरून झाकण सरकवायचं, तो वाळका लेप खरवडायचा आणि पाऱ्यासारखा वाहता धातू पसरून झाकण पुन्हा बसवायचं. झाकणाच्या वर, पंख्याखाली, साधा दाण्याएवढा लेप ज्याचा त्याने लावायचा. या धातूतून वीज वाहते, म्हणून आधी दगडाशेजारच्या बारीक सोनेरी ठिपक्यांवर बिनरंगाचं नखपॉलिश लावावं लागतं, नाहीतर धातूचा ओघळ तिथे पोचून दगड मरतो. गल्लीतल्या प्रत्येक कारागिराच्या खणात नखपॉलिशची बाटली सापडेल. कुरामोचीच्या टेबलामागच्या भिंतीवर तर पाटीच होती: 'आमच्या हातून आजवर एकही दगड मेलेला नाही.'

अमेमियांनी दगड आणून दिला तेव्हा बाजारात टंचाई होती. भाव चढत होते. दुकानाच्या मालकीणबाई सेकीगुची रोज सकाळी किमतींच्या चिठ्ठ्या नव्याने लिहीत आणि स्वतःच त्या वाचून हळहळत. नवा घेणं परवडेना, म्हणून जो तो आपला जुनाच दगड उघडून घ्यायला येई. रांग जिन्यापर्यंत गेली होती. त्या गर्दीत कुरामोची अमेमियांच्या दगडाला नखपॉलिश लावायला विसरला. चाचणीसाठी वीज दिली, पडदा काळाच राहिला, आणि काय झालं ते त्याला तत्क्षणी कळलं.

टेबलावर शेजारीच त्याचा स्वतःचा, त्याच जातीचा, बेताचा दगड उघडा पडलेला होता. नाव, क्रमांक, सगळं झाकणावर कोरलेलं असतं. झाकण निघालं की कोणता दगड कोणाचा, हे आईबापालाही ओळखू येऊ नये. अमेमियांचं झाकण त्याने आपल्या दगडावर बसवलं आणि तोच त्यांना दिला. हे त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण हातांना कोणी अडवलं नाही हेही खरं.

तेव्हा त्याने मनाशी एक सबब बांधून ठेवली होती. लागलेल्या दगडाला भाव किती! असा दुसरा आणणार कुठून? मग दुसऱ्या कंपनीने जास्त ताकदीचे प्रोसेसर कमी किमतीत आणले आणि भाव बदाबदा कोसळले. तेच दगड आता दाराशी टोपलीत जुन्या मालात पडून असत, दोन वेळच्या नूडल्सच्या भावात. सबब संपली, पण बोलायचं धाडस काही आलं नाही. तो टोपलीतून एकेक दगड विकत घेऊन तपासत सुटला.

"भिंत बांधतोयस का, कुरामोची?" सेकीगुचीबाई विचारत. "का बायको नाही म्हणून दगडांशी संसार मांडलायस?"

परवा एक सापडला. अगदी अमेमियांच्या दगडासारखा लागलेला. त्याने तो उघडून, नखपॉलिशचे दोन हात देऊन खणात ठेवला होता. तो दिसला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं होतं, की खणाला कुलूप लावतानाही तो गुणगुणत होता.

"हे घे," अमेमियांनी चाकांची पिशवी पुढे ढकलली. "सगळं यंत्रच आणलंय. विकून टाक, मिळेल ते दे."

"विकायचं?"

"आणि घरमालकालाही सांगून टाकलं. महिनाअखेर दुकान रिकामं करतो म्हणून."

कुरामोचीच्या हातातल्या खायच्या काड्या थांबल्या. "घड्याळांचं दुकान? का?"

"का काय? दाण्याएवढा लेप नीट पसरता येत नाही ज्याला, त्याने लोकांच्या आजोबांची घड्याळं उघडायची? केसासारखी कमान असते आत. एकदा हललं बोट की गेली. लोक विश्वासाने देतात रे."

"अमेमियासान, विकायच्या आधी मी एकदा बघू? तुम्ही तिकडे बसा. बाईंशी गप्पा मारा."

"बघ बापडा."

सेकीगुचीबाई गल्ल्यामागून ओरडल्या, "या इकडे! माझं मनगटी घड्याळ दहा मिनिटं मागे पडतं. दुकान बंद होण्याआधी फुकट करून द्या!"

"फुकट? तुमच्यामुळेच मी बुडालो असं पाटीवर लिहीन!"

ते हसत होते, तोवर कुरामोचीने यंत्र उघडलं. पंखा काढला, झाकण सोडवलं, खणातला दगड बसवला, त्यावर वाहता धातू आणि अमेमियांचं झाकण, त्यावर दाण्याएवढा लेप. हात इतके शहाण्यासारखे चालत होते, की त्याला स्वतःचीच शिसारी आली. सुरू केलं. यंत्र धावू लागलं आणि पडद्यावरचा तापमानाचा आकडा खालीच राहिला.

अमेमिया येऊन खांद्यावरून बघू लागले. "अरे! अरे वा! पूर्वीसारखा! बाई, या, बघा माझा दगड!" त्यांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या हळूहळू थांबल्या.

"म्हणजे दगड चांगलाच होता," ते म्हणाले. "तू लेप लावलास आणि चालला. मी लावला की बंद." त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले. "बरं झालं. मनात थोडी शंका होती, तीही गेली. घरमालकाला सांगितलं ते बरोबरच सांगितलं."

त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. "तुझे उपकार आहेत, कुरामोची."

तो नमस्कार कुरामोचीला सोसवला नाही. त्याने खण पुन्हा उघडला. अगदी मागून कापसात गुंडाळलेला एक उघडा दगड काढला आणि टेबलावर ठेवला.

"तुमचा हा आहे."

"काय?"

"तुमचा दगड. माझ्या हातून मेला, पहिल्याच दिवशी. मी तुमचं झाकण माझ्या दगडावर बसवून दिलं. तो कधीच इतका पळणार नव्हता, कोणीही लेप लावला तरी. आत्ता बसवलाय तो तिसराच. तुमच्या हातांना काही झालेलं नाही, अमेमियासान."

गल्ल्याशी सेकीगुचीबाईंचं घड्याळ पट्ट्यासकट खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

अमेमियांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. दगड दोन बोटांत उचलला. बराच वेळ बघत राहिले. बोटं कणभरही हलली नाहीत. कुरामोची त्या बोटांकडे आत्ता बघत होता.

"नखपॉलिश नाही."

"नाही."

"विसरलास?"

"रांग होती. जिन्यापर्यंत."

"माझ्या दुकानात कधी रांग नव्हती बाबा," अमेमिया म्हणाले. भिंग डोळ्यावरच होतं. "मी डॉक्टरकडे जाऊन आलो, माहीत आहे? त्याने हात पुढे धरायला लावले. म्हणाला, आजोबा, माझ्यापेक्षा स्थिर आहेत. मी त्यालाच मूर्ख ठरवलं. आणि तू इथे बसून वर्षभर माझे डबे खाल्लेस."

कुरामोची वाकला. कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकला आणि तसाच राहिला.

"उठ. माझं झाकण दे."

"यंत्रातला दगड तुमच्यासाठीच..."

"झाकण दे म्हटलं."

त्याने यंत्र बंद केलं, पंखा उतरवला, झाकण काढून पुसलं. अमेमियांनी ते आपल्या मेलेल्या दगडावर ठेवलं, कोपरे जुळवले, रुमालात बांधलं. चाकांच्या पिशवीकडे आणि यंत्राकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दारापाशी सेकीगुचीबाई काहीतरी म्हणू लागल्या, त्यांना मान लववून ते जिना उतरू लागले.

मधल्या वळणावर पावलं थांबली. फोन लावल्याचा आवाज आला.

"अमेमिया बोलतोय, ओकाचिमाचीचा. नाही, रिकामं करत नाही. हो, विचार बदलला... हात? हातांना काय झालंय? कोण म्हणतं?"

पुढचं ऐकू आलं नाही. वर दुकानात ओदेनचे डबे गार होत होते.

"पाटी मी काढू, का तू काढतोस?" सेकीगुचीबाईंनी विचारलं. आवाजात थट्टा नव्हती.

कुरामोचीने खुर्ची ओढत भिंतीपाशी नेली.