दुशान्बे ते खोरोग : पाऊण तास

ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेहून पामीर पर्वतातल्या आमच्या खोरोगपर्यंतचे हवाई अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. विमानाला लागतो पाऊण तास. रस्त्याने तेच अंतर दुपटीहून अधिक होते आणि अख्खा दिवस गिळून वर रात्रही मागते. तथापि आम्ही पामीरवासी त्या पाऊण तासावर विसंबत नाही. पर्वतांनी अनुज्ञा दिली तरच तो खरा. म्हणून पाहुणा विमानाने येणार असेल, तर खोऱ्यात विमानाचा आवाज घुमल्यावाचून आमच्याकडे मेंढा कापीत नाहीत.

त्या शरदात एके दिवशी मुबोरकशोच्या अंगणी सारी आळी जमली होती. त्याने हयातभर या रस्त्यावर मालमोटार हाकली. त्याची कन्या दवलतमो मुख्य वैमानिक झाली होती आणि त्या नात्याने आज प्रथमच आपल्या गावी विमान उतरवणार होती. शेजारच्या बख्तोवरचा मुलगा त्याच विमानात होता.

"मुबोरक, पोरगी तुझ्यासारखीच चालवते ना?" बख्तोवरने विचारले. "म्हणजे माझा मुलगा परवा पोचेल."

"तुझ्या जिभेसारखी सुसाट सोडत नाही, एवढं खरं."

अंगणात हशा पिकला. इतक्यात खोऱ्यात तो चिरपरिचित घरघराट घुमला. मेंढा कापला गेला, चुलीवर कढई चढली. आम्ही माना उंचावल्या. परंतु धावपट्टीवर दाट ढग उतरले होते. आवाज ढगांवर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि हळूहळू पश्चिमेस विरून गेला.

बख्तोवर म्हणाला, "घाबरली. पुरुष असता तर उतरला असता."

"उतरला असता," मुबोरकशो शांतपणे म्हणाला. "कुठे, ते मात्र सांगता येत नाही."

मांस शिजत होते. मुबोरकशो चुलीपाशी बसून राहिला. तासाभराने त्याचा फोन वाजला. आम्हा सर्वांना ऐकू यावे म्हणून त्याने आवाज मोठा केला.

"बाबा, दुशान्बेला परत उतरलो. सगळे सुखरूप आहेत," दवलतमो म्हणाली. "ती अवघड रुशानची खिंडसुद्धा ओलांडली होती हो. आपली गल्लीसुद्धा दिसली क्षणभर. मग सगळं पांढरं. अंगणात माणसं जमली असतील ना?"

"जमलीत. मेंढाही कापलाय."

"अरे देवा. मग आता?"

"मग काय, खाणार आम्ही. तू जेवलीस का?"

"रागावला नाहीत?"

मुबोरकशोने चुलीत लाकूड सारले. "पोरी, घर डोळ्यांसमोर असताना गाडी माघारी वळवणं शिकायला मला निम्मं आयुष्य लागलं. तुला पहिल्याच दिवशी जमलं. माझ्या अंगणातली ही मेजवानी त्याचीच आहे."

पलीकडे ती रडत होती की हसत होती, कळले नाही. मग बख्तोवरचा मुलगा फोनवर आला आणि बापाशी दोन शब्द बोलला.

बख्तोवर उठला. आमच्या रीतीप्रमाणे त्याने मुबोरकशोचा हात हाती घेऊन चुंबिला. मुबोरकशोनेही त्याचा चुंबिला.

"उद्या आभाळ निवळलं तर माझा मुलगा तिच्याच विमानाने येईल," बख्तोवर म्हणाला. "नाही निवळलं तर थांबेल. दुसऱ्या कुणाबरोबर मी त्याला धाडायचा नाही."

मुबोरकशोने कढईतला सर्वांत मोठा तुकडा उचलला आणि बख्तोवरच्या पुढ्यात ठेवला.