वस्तऱ्याखालचं हो

माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी मी एकतीस वर्षांत एकदाही वाद घातलेला नाही. उकाडा फार आहे म्हणाला, हो. सून वाईट म्हणाला, हो ना. महिन्याभराने तीच सून चांगली म्हणाला, तरी हो. गिऱ्हाईक मनातलं बोलून हलकं होतं आणि पुन्हा आपल्याकडेच येतं. त्यात आपल्या बापाचं काय जातं?

ही सवय एक दिवस माझ्याच अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

माझी थोरली बहीण सरकारी दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं नर्स होती. ती निवृत्त झाली आणि वर्षभरात संध्याकाळचा दवाखाना बंद करायचं घाटू लागलं. ताईने कचेऱ्यांचे खेटे घातले, चपला झिजवल्या आणि शेवटी वैतागून निवडणुकीचाच अर्ज भरला. पक्ष नाही, गाडी नाही, एक फलक नाही. तिला ओळखणारे म्हणजे तिच्या हातचं इंजेक्शन घेतलेले लोक, आणि इंजेक्शन घेताना सगळे तोंड फिरवतात. ती मला म्हणाली की तुझ्याकडे दिवसाला वीस माणसं बसतात, तू नुसतं सांगत जा.

मी तीन आठवडे सांगितलं. गळ्याभोवती कापड बांधलं की दवाखान्याचं काढायचं, फेस लावेपर्यंत ताईवर यायचं आणि वस्तरा हनुवटीखाली गेला की विचारायचं, "मग मत तिलाच ना?" माणूस "हूं" म्हणायचा. माणूस उठून गेला की मी काडेपेटीतली एक काडी पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचो. संध्याकाळी पायांचे तुकडे पडलेले असायचे, बोलून बोलून जीभ जड झालेली असायची, तरी ताईकडे जाऊन आकडा सांगायचो. मंगळवारी चारशे बारा काड्या झाल्या.

त्याच संध्याकाळी तिला साहेबांचा निरोप आला होता. साहेब म्हणजे दोनदा निवडून आलेले, तिसऱ्यांदा उभे राहिलेले. ताईने अर्ज मागे घेतला तर आठवड्यातून दोन संध्याकाळी दवाखाना चालू ठेवू, तसं लिहून देऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्ज मागे घ्यायची मुदत गुरुवारी दुपारी तीनपर्यंत.

"चारशे खरे असतील तर मी हटत नाही," ताई म्हणाली. "पण नुसता हट्ट करून लोकांच्या दोन संध्याकाळीही घालवल्या, तर मी कुठल्या तोंडाने रस्त्यावर फिरू? नीट सांग, खरे आहेत ना?"

"खरे आहेत," मी म्हणालो. छाती जरा पुढे काढूनच म्हणालो.

बुधवारी सकाळी साहेबांचा माणूस दाढीला आला. दुकानातही काळा चष्मा काढत नाही म्हणून त्याला सगळे गॉगल म्हणतात. त्याने बसल्या बसल्या साहेबांचं पुराण लावलं आणि शेवटी विचारलं, "काय काका, आपलं मत साहेबांनाच ना?"

"हो हो, नक्की," मी म्हणालो.

बोलून गेलो आणि हात थांबला. आरशात मागचं बाकडं दिसत होतं. त्यावर बँकेतला कारकून, इस्त्रीवाला आणि गणिताचे मास्तर बसले होते. तिघेही गॉगलकडे बघून मान डोलवत होते. तिघांच्याही काड्या माझ्या डब्यात होत्या.

गॉगलची दाढी कशी संपवली ते मला सांगता येणार नाही. गळ्यावर धार असताना कोण नाही म्हणेल? आणि धार नसती तरी लोक माझ्याशी तेच करत होते जे मी जन्मभर त्यांच्याशी केलं. दुपारभर दुकानात बसून मला स्वतःची लाज वाटत राहिली. कंटाळा आला होता, झोप येत होती, आणि ताईकडे जायची हिंमत नव्हती.

दिवस मावळायच्या आत ताईकडे गेलो. ती बादलीतल्या गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. तीही दिवसभर जिने चढउतार करून आली होती. मी सगळं सांगितलं, गॉगलला काय म्हणालो तेसुद्धा. ती चिडली नाही. चिडायलाही अंगात बळ लागतं.

"पेशंट असेच असतात रे," ती म्हणाली. "गोळ्या वेळेवर घ्याल ना, विचारलं की हो म्हणतात आणि पुडी खिडकीत टाकतात. खरोखर घेणारा असतो तो विचारतो, जेवणाआधी घेऊ की नंतर? तुला तीन आठवड्यांत कोणी काही विचारलं?"

मी आठवून पाहिलं. कोणीच काही विचारलं नव्हतं.

तिने अर्ज मागे घ्यायचा कागद भरून टेबलावर ठेवला. सही तेवढी बाकी ठेवली. उद्या अडीचपर्यंत बघ कोणी काही विचारतं का, म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी डब्यातल्या सगळ्या काड्या ओतून टाकल्या. प्रत्येकाची दाढी पूर्ण केली, वस्तरा मिटून खिशात ठेवला, तोंड पुसलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणालो की मी माझ्या बहिणीच्या बाजूचा आहे, तुम्ही नसाल तर स्पष्ट सांगा, पुढच्या वेळी दाढी अशीच नीट होईल. कारकुनाने मान खाली घालून सांगितलं की भाच्याला साहेबांनी नोकरीला चिकटवलंय. एक जण म्हणाला, दुकानात राजकारण नको, आणि कल्ले न कापताच उठला. मास्तरांनी हवापाण्याचं काढलं. दीड वाजेपर्यंत अकरा जण झाले, आणि डबा रिकामा तो रिकामाच. पण का कोण जाणे, त्या अकरा नकारांनी मी चारशे होकारांपेक्षा कमी दमलो.

दोनला गोदामाचा वॉचमन आला. दाढी झाल्यावर त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ टॉवेल चाळवत बसला.

"साहेबांचे लोक दोन दिवस म्हणतात," तो म्हणाला. "तुमची ताई रोज ठेवणार का? आमच्या हिला दम लागतो तो वार बघून लागत नाही."

मी त्याला थांबायला सांगितलं, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्याला घेऊनच ताईकडे निघालो. वाटेत त्याला मोठमोठ्या गोष्टी सांगाव्यात असं फार मनात आलं. पण गप्प राहिलो.

ताई दारातच होती. पेन हातात, कागद टेबलावर, घड्याळात अडीच.

"किती?"

"एक," मी म्हणालो.

तिने माझ्यामागे उभ्या असलेल्या वॉचमनकडे पाहिलं. मग त्याने तिला तोच प्रश्न पुन्हा विचारला. ताईने हो म्हटलं नाही.

"निवडून आले तर रोजसाठी भांडेन," ती म्हणाली. "येईन की नाही, माहीत नाही. बाईंना कधीपासून आहे हे? रात्री जास्त होतं की पहाटे?"

तो सांगायला लागला. ताईने पेनाला टोपण लावलं, पायात चपला सरकवल्या आणि त्याच्या घराकडे चालू लागली. तीन वाजले तेव्हा ती त्याच्या बायकोच्या पाठीला कान लावून श्वास ऐकत होती. कागद घरी टेबलावर होता, सहीविना. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं, "या कोण?"

मी सांगायला लागलो.